कांद्याची पावती आणि अर्थशास्त्राचा तास

"इतर परिस्थिती कायम असता, वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी घोकलेलं आहे. कॉमर्सवाले तर झोपेतसुद्धा म्हणून दाखवतील. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांनाही अर्थशास्त्राचा एक पेपर असायचा. दोन रात्रींत उरकता येतो म्हणून सगळ्यांचा लाडका. त्यातही हे वाक्य येऊन गेलं, आणि परीक्षेनंतर जिथे जायचं तिथे गेलं.

मला राग आहे तो ह्या वाक्यातल्या पहिल्या चार शब्दांवर. इतर परिस्थिती कायम असता. अरे, कोणतंही वर्तमानपत्र उघडून बघा, इतर परिस्थिती कायम आहे अशी एकही बातमी सापडणार नाही. कायम असती तर ती बातमीच झाली नसती! पुस्तकातलं अर्थशास्त्र आणि पेपरातलं अर्थशास्त्र ह्यांची फारकत होते ती इथे. मुलं तीन वर्षं आलेख काढतात, पदवी घेतात, आणि मग रेपो रेट वाढला म्हणजे आपल्या खिशाचं नक्की काय झालं हे त्यांना व्हॉट्सअॅपवरून कळतं.

तर माझं म्हणणं साधं आहे. कॉलेजातलं अर्थशास्त्र बातम्यांवरून शिकवावं. तोंडी लावायला बातमी नव्हे, म्हणजे "आणि विद्यार्थ्यांनो, कालच्याच पेपरात आपण वाचलं असेल..." असं म्हणून पुन्हा पान ४७ कडे वळणं नव्हे. बातमी आधी, सिद्धांत नंतर. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर पाठ्यपुस्तक म्हणजे 'हॅलो वर्ल्ड'. ते चाललं की आपल्याला प्रोग्रॅमिंग येतं असं वाटतं. खरं प्रोग्रॅमिंग येतं ते रात्री दोन वाजता चालू सिस्टिम कोसळते आणि समोर नुसता लॉग असतो तेव्हा. वर्तमानपत्र हा अर्थव्यवस्थेचा लॉग आहे. गचाळ, अर्धवट, कधी कधी चुकीचा, पण खरा.

नुसतं मत मांडून भागणार नाही, म्हणून एक बातमी घेऊन बघू.

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातला एक शेतकरी सुमारे ७० किलोमीटरवरून सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा घेऊन आला. भाव लागला किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वगैरे वजा जाता त्याच्या हातात उरले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्याने त्याला २ रुपयांचा चेक दिला, तोही पुढच्या तारखेचा. माल हलक्या प्रतीचा होता असं व्यापाऱ्याचं म्हणणं. त्या चेकचा फोटो तेव्हा देशभर फिरला. आपण सगळे हळहळलो, फॉरवर्ड केला आणि पुढच्या फोटोकडे गेलो.

आता हाच फोटो एफवायच्या वर्गात लावा आणि विचारा: ह्या माणसाने कांदा बाजारात आणलाच का?

पहिलं उत्तर येईल, "बिचाऱ्याला माहीत नव्हतं." बरं. भाव माहीत असता तर आणला असता का? इथून वर्ग खरा सुरू होतो. बियाणं, खत, मजुरी, पाणी, जे काही जमिनीत गेलं ते गेलं. कांदा विकला तरी गेलं, नाही विकला तरी गेलं. त्याला आता मोजायचा आहे तो फक्त काढणीचा आणि बाजारात न्यायचा खर्च. ५१२ रुपयांतून जवळजवळ ५०९ कापले गेले, म्हणजे नुसता बाजाराचा खर्चच किलोमागे रुपयाच्या घरात. भाव एक रुपयाच्या खाली गेला तर घरी बसणं स्वस्त! आणि मग तुम्हाला पेपरातली दुसरी बातमी कळायला लागते, उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवल्याची, मेंढ्या सोडल्याची. आपल्याला तो संताप वाटतो. संताप असतोच, पण त्यात हिशोबही असतो. पुस्तकात ह्याच हिशोबाला एक रटाळ आकृती आहे. किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या खाली गेली की उत्पादकाने थांबावं. त्या आकृतीचे गुण पाच. मेंढ्यांचे गुण शून्य.

पुढचा प्रश्न. मग त्याने कांदा ठेवून का नाही दिला, भाव वाढेपर्यंत? ह्याचं उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाहीच, ते कांद्यात आहे. खरिपाचा आणि रांगडा लाल कांदा टिकत नाही. टिकतो तो उन्हाळ, म्हणजे रब्बीचा, चाळीत चार-पाच महिने. फेब्रुवारीत बाजारात येतो तो न टिकणारा. तो आज विकला नाही तर उद्या सडेल. पुरवठा अलवचिक असतो म्हणजे काय, हे ह्याहून सोप्या शब्दांत कोणी सांगू शकेल असं मला वाटत नाही.

आणि आता गंमत पाहा. ह्याच वर्षी, अवघ्या सहा महिन्यांनी, १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. कारण? कांदा महाग होतोय. फेब्रुवारीत दोन रुपयांचा चेक आणि ऑगस्टमध्ये महागाईची भीती! नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. तीन दिवसांत सरकारने जाहीर केलं की क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी २ लाख टन कांदा खरेदी करू. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदीच. ती उठली ४ मे २०२४ ला, ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्मं झालं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य.

ह्या तारखा फळ्यावर लिहा. शेजारी दोनच तारखा अजून लिहा: नाशिक पट्ट्यातलं लोकसभेचं मतदान, २० मे २०२४, आणि विधानसभेचं मतदान, २० नोव्हेंबर २०२४. काही बोलू नका. मुलं बोलतील.

इथे शिकवण्यासारखं किती आहे बघा. निर्यात शुल्क भरतो निर्यातदार, पण त्याचा भार कोणावर पडतो? दुबईतल्या गिऱ्हाइकावर, लासलगावच्या व्यापाऱ्यावर, की निफाडच्या शेतकऱ्यावर? करभाराचं संक्रमण नावाचं जे भयंकर प्रकरण असतं, ते हेच. मग तो दुसरा प्रकार. ह्या वर्षी भाव चढा म्हणून सगळे कांदा लावतात, पुढच्या वर्षी ढीग पडतो, भाव कोसळतो, मग कोणीच लावत नाही. ह्याला पुस्तकात कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. निकोलस काल्डॉरने १९३४ मध्ये हे नाव रूढ केलं. वर्गात तो डुकरांच्या नाहीतर मक्याच्या भावावरून शिकवतात, कारण मूळ अमेरिकन पुस्तकात डुकरं आणि मका आहेत. नाशिकपासून चार तासांवर बसून आपण आयोवातली डुकरं शिकतोय!

माझी मावसबहीण एफवायबीकॉमला आहे. तिला हे सगळं मी एका रविवारी चहा पिता पिता सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, भारी आहे, पण हे पेपरला येत नाही."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो बरोबर आहे. सध्या जो पेपर निघतो त्यात "मागणीची लवचिकता म्हणजे काय? प्रकार स्पष्ट करा" असंच येतं. तिने मेंढ्या लिहिल्या तर तपासणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत मेंढ्या नाहीत. गठ्ठ्यातल्या शेकडो पेपरांना तपासणारे सर तरी काय करणार? म्हणून नुसतं "शिक्षकांनी बातम्या वापराव्यात" म्हणणं म्हणजे शिक्षकांच्या डोक्यावर अजून एक ओझं टाकणं. पेपर बदलला पाहिजे. परीक्षेत एक न पाहिलेलं कात्रण द्या, खाली चार प्रश्न विचारा. भाषेच्या पेपरात आपण उतारा देतोच की. अर्थशास्त्रात उतारा का नको?

पण तिचं ते वाक्य बाजूला ठेवून मी तिला दुसरा एक प्रश्न विचारला होता. जुलै २०२३ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता. टोमॅटो कित्येक शहरांत किलोला २०० रुपयांच्या वर गेला होता तो महिना. बरोबर एक वर्षाने, जुलै २०२४ चा आकडा आला ३.५४ टक्के. महागाई जवळजवळ पाच वर्षांच्या नीचांकावर, अशा बातम्या आल्या. मग वस्तू स्वस्त झाल्या का?

"हो ना, महागाई कमी झाली म्हणजे..." एवढं म्हणून ती थांबली. आम्ही कागदावर मांडलं. जुलै २०२२ मध्ये १०० रुपयांना येणारी पिशवी जुलै २०२३ मध्ये १०७ रुपये ४४ पैशांना. जुलै २०२४ मध्ये १११ रुपये २४ पैशांना. स्वस्त काहीच झालं नाही, महाग होण्याचा वेग कमी झाला. गाडी रिव्हर्समध्ये गेली नाही, नुसता अॅक्सिलरेटरवरचा पाय सैल झाला. शिवाय तो वेग इतका कमी दिसला ह्याचं एक कारण म्हणजे मागच्या जुलैचा आकडाच अवाढव्य होता. आदल्या वर्षी उंच ढिगाऱ्यावर उभं राहून मोजलं की ह्या वर्षीची चढण छोटी दिसते. आमची मावशी भाजी निवडत होती, तिने वर न बघता विचारलं, "मग पेपरवाले कमी झाली कशाला म्हणतात?" अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाने वर्गात पहिल्या दिवशी विचारावा असा हा प्रश्न आहे.

बातमीवरून शिकवण्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच, की बातमीतल्या चुकाही उपयोगी पडतात. पाठ्यपुस्तक चुकत नाही, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही. बातमीशी येतं. रेपो रेट ४ टक्क्यांवरून ६.५ टक्के झाला तर तो "अडीच टक्क्यांनी वाढला" असं सर्रास छापतात. वाढला अडीच टक्के-बिंदूंनी. टक्क्यांत काढलं तर वाढ साडेबासष्ट टक्के आहे! हा पांडित्याचा मुद्दा वाटत असेल तर पुढचा हिशोब बघा, विशेषतः ज्यांनी गेल्या काही वर्षांत फ्लॅट घेतलाय त्यांनी.

समजा कोणी एप्रिल २०२२ मध्ये ५० लाखांचं कर्ज घेतलं, २० वर्षांसाठी, ७ टक्क्यांनी, व्याजदर रेपोला जोडलेला. हप्ता येतो साधारण ३८,७६५ रुपये. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ वर नेला. म्हणजे ह्या माणसाचा दर झाला ९.५. बँकेने समजूतदारपणे सांगितलं, हप्ता तोच ठेवू, मुदत वाढवू. छान. पण ५० लाखांवर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याजच होतं ३९,५८३ रुपये. दहा महिन्यांत मुद्दल फारसं फिटलेलं नाही, त्यामुळे हप्ता व्याजालाच पुरत नाही. मुदत किती वाढेल? अनंत! एक्सेलमध्ये टाकून बघा, एरर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रक काढून सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, ह्याची निवड कर्जदाराला द्या. ते परिपत्रक का काढावं लागलं ते ह्या एका एररवरून कळतं. माझ्या ओळखीचे निम्मे लोक तेव्हा कर्ज घेतलेले, सगळे गणितात हुशार, कोडिंगमध्ये तर विचारूच नका. हा हिशोब एकानेही केला नव्हता. "ईएमआय वाढला नाही ना? मग झालं."

आणि हे फक्त कर्जाचं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांचं नुकसान झाल्याचं निघालं. एकूण नुकसान १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये ह्या मंडळींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले. म्हणजे कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, किंवा अजून कॉलेजातच असलेले. अर्थशास्त्र ते शिकतच आहेत, फक्त फी जरा जास्त पडतेय.

आता उलट बाजू. बातम्यांवर मी इतका लट्टू नाही. आजची बातमी शिकवायला वाईट असते असं माझं खरं मत आहे, कारण तिचा शेवट कोणालाच माहीत नसतो आणि प्रत्येकाला आपला पक्ष माहीत असतो. वर्गात आजची निर्यातबंदी काढली की दहा मिनिटांत मोदी आणि पवार सुरू होतात, आणि तास संपतो. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वीचं कात्रण काढावं. तारीख दाखवावी, पुढचं काही सांगू नये. मुलांनी लेखी अंदाज द्यायचा: आता भाव कुठे जाईल, कोण रस्त्यावर येईल, सरकार पुढे काय करेल. मग पुढच्या महिन्याचं कात्रण. आम्ही जुना ट्रॅफिक नव्या सिस्टिमवर पुन्हा चालवून बघतो, तसं. अंदाज चुकला तर का चुकला, ह्यावरच चर्चा. आजचा पेपर शेवटच्या दहा मिनिटांत काढावा, नुसता प्रश्न विचारायला.

दुसरं पथ्य म्हणजे एका बातमीला नेहमी दोन कात्रणं. कांद्याचा भाव उतरला की शहरी पानावर गृहिणींना दिलासा असतो आणि अॅग्रोवनमध्ये उत्पादकांची कोंडी. घटना एकच. दोन्ही शेजारी ठेवली की ग्राहकाचा फायदा आणि उत्पादकाचा फायदा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमी लिहिणारा त्यातल्या एका खुर्चीवर बसलेला आहे, हे न सांगता कळतं.

आणि तिसरं, सिद्धांत सोडायचा नाही. नुसत्या बातम्या चघळल्या तर ती टपरीवरची चर्चा होते. टपरीवर प्रत्येक बातमी वेगळी असते. सिद्धांत येत असेल तर दोन अगदी वेगळ्या बातम्या एकच आहेत हे दिसतं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. उणे! म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. आमच्या क्षेत्रातल्या लोकांची त्या दिवशी वेगळीच तारांबळ उडाली, कारण किंमत शून्याच्या खाली जाऊ शकते हे कित्येक ट्रेडिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे एमसीएक्सवर त्या करारांचा हिशोब शेवटी पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी झाला. सगळ्यांना तो चमत्कार वाटला. पण लॉकडाऊनमुळे तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, साठवायच्या टाक्या भरत आल्या होत्या, आणि करार संपत होता, म्हणजे माल ताब्यात घ्यावाच लागणार होता. साठवता येत नाही, आणि टाकून द्यायलाही खर्च येतो. सोलापूरचा कांदाच तो. फक्त कांदा शेतात सोडून मेंढ्या घालता येतात, तेलात नाही. म्हणून कांद्याचा भाव शून्यापाशी थांबतो आणि तेलाचा खाली जातो. ज्या मुलाला हा फरक स्वतःहून सुचला, त्याला मी तरी प्रकार स्पष्ट करायला लावणार नाही.

तेव्हा ज्यांचे मित्र-मैत्रिणी कॉलेजात शिकवतात त्यांनी हे त्यांच्या कानावर घालावं. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा. पहिल्या तासाला मी तो २ रुपयांचा चेक घेईन. दुसऱ्या तासाला मार्च २०२३ मधली बातमी, राज्य सरकारने लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केल्याची. ५.१२ क्विंटलचे होतात १,७९२ रुपये. आणि गृहपाठ एका ओळीचा: हे पैसे मिळणार हे आधीच ठाऊक असतं, तर त्या वर्षी किती जणांनी कांदा लावला असता?